पान एकाहत्तर, चौकट पाचवी

लुदोनं पुस्तकात एक शब्दही खोटा लिहिला नव्हता. हे वाक्य त्यानं स्वतःला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की शेवटी शेवटी ते मनात आलं तरी त्याला स्वतःचीच शिसारी यायची. शब्द खोटा नव्हता, कारण त्या पानावर शब्दच नव्हते. चित्रकथेचं हे एक बरं असतं बघा. तोंडानं काही न बोलता खोटं बोलता येतं, आणि वर लोक म्हणतात, वा, काय संयम आहे या माणसाचा.

पुस्तक त्याच्या आईच्या शेवटच्या वर्षांचं होतं. एकशे छत्तीस पानं, आणि मुखपृष्ठावर खाली बारीक अक्षरांत 'खरी गोष्ट'. आई, म्हणजे आमच्या आंदेन गावची फर्नांद वोतले, हळूहळू सगळं विसरत गेली. आधी किल्ल्या, मग नावं, मग आपण राहतो ते घर. 'मला घरी जायचंय' म्हणत ती स्वतःच्याच घरातून बाहेर पडायची. म्हणून लुदोच्या थोरल्या बहिणीनं, नादेजनं, दाराला नवं कुलूप बसवून घेतलं. बाहेर जाणाऱ्यानं किल्ली खिळ्यावरून काढायची, बाहेरून फिरवायची आणि खिशात टाकायची, हा त्या घरातला एकमेव नियम. दार नुसतं ओढून घेतलं तर आई आतून उघडत असे.

जानेवारीतल्या एका दुपारी दार नुसतंच ओढलेलं राहिलं. फर्नांद घरातल्या सपाता घालून बाहेर पडली आणि म्यूज नदीच्या काठानं चालत गेली. तिसऱ्या दिवशी खालच्या बंधाऱ्यापाशी ती एका मालवाहू नावेवरच्या माणसाला सापडली.

पान एकाहत्तरवर ती दुपार आहे. सहा चौकटी, सगळ्या मुक्या. पाचव्या चौकटीत कोणाचा तरी हात दार ओढून घेतोय आणि आत खिळ्याला किल्ली तशीच लटकतेय. माणूस दिसत नाही, फक्त मनगट आणि बाही दिसते. बाही पिवळी आहे. आणि पुस्तकभर पिवळा रेनकोट एकाच व्यक्तीच्या अंगात आहे, नादेजच्या.

आता खरं काय ते सांगते. त्या दुपारी नादेज घरात नव्हतीच. ती आठ किलोमीटरवर एका पांगळ्या बाईला आंघोळ घालत होती, कारण तेच तिचं काम. म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या घरी जाऊन त्यांचं न्हाणंधुणं, जेवणखाण, औषधपाणी बघायचं. घरी लुदो होता. ब्रसेल्सहून प्रकाशकाचा फोन आला, घरात आवाज नीट येईना, म्हणून 'हा आलोच' म्हणत तो पुलावर गेला. तिथं चाळीस मिनिटं बोलत उभा राहिला. नव्या पुस्तकाचं चाललं होतं, बोलणं गोड होतं, वेळ कसा गेला कळलं नाही.

नंतर गाव विचारायला आलं. कसं झालं गं? नादेजनं सगळ्यांना एकच उत्तर दिलं, "दार राहून गेलं." कोणाकडून राहिलं ते तिनं पाद्र्याला सांगितलं नाही, पोलिसाला सांगितलं नाही. लुदोलाही तिनं कधी विचारलं नाही, की तू होतास ना. तो बाजूला उभा राहून मान खाली घालून ऐकायचा. चार वर्षं त्यानं ते ऐकलं.

बरं, त्यानं पुस्तक लबाडी करायला म्हणून सुरू केलं होतं असंही नाही. पेन्सिलीनं काढलं तेव्हा त्या चौकटीत त्याचाच हात होता. गडद निळ्या कोटाची बाही, मनगटाशी मोठं बटण. पेन्सिलीच्या रेघांवर शाई फिरवताना मात्र तो थांबला. तो उठला, कॉफी करून आला, परत बसला आणि बटणावर शाई केलीच नाही. बटण गेलं आणि नुसती बाही उरली. कोणाचीही असू शकेल अशी. इथवर तरी, म्हणू या, माणूस भ्याला.

पण पुढचं बघा. रंग भरायचं काम योलेनचं, आणि ती बाई चोख. चारपाच पानं झाली की शंकांची यादी पाठवणार. आजीच्या चुलीच्या फरशा कुठल्या रंगाच्या? आई सापडली तेव्हा पहाट होती की दुपार? त्या यादीत एक ओळ होती: 'पान ७१, चौकट ५. बाही कोणाची? रंग सांग.' तो तेव्हा फ्रीतच्या, म्हणजे तळलेल्या बटाट्यांच्या, गाडीपुढे रांगेत उभा होता. पुढे दोन माणसं होती. बटाटे तळायला पडल्याचा आवाज येत होता. त्यानं फोनवरच लिहिलं, 'पिवळा'. योलेननं अंगठा पाठवला. त्याचा नंबर लागला, त्यानं मोठा पुडा घेतला, वर भरपूर मेयोनीज घेतलं, आणि बाकावर बसून सगळं खाल्लं. ही गोष्ट त्याला पुढे फार छळायची. सगळं खाल्लं.

पुस्तक सप्टेंबरात आलं. सप्टेंबर उजाडला की आमच्याकडे नव्या चित्रकथांच्या पेट्या येऊन आदळायला लागतात, दुकानदाराला श्वास घ्यायला फुरसत नाही. ओदिलबाईंच्या दुकानात मधल्या टेबलावर त्या वर्षी काय नव्हतं? खुनी आणि इन्स्पेक्टर, मंगळावर बटाटे लावणारे शेतकरी, समुद्री चाचे, मठातून पळालेल्या दोन भांडखोर नन, एका रसायनशास्त्रज्ञ बाईचं चरित्र, कत्तलखान्यात सहा महिने राहून आलेल्या वार्ताहराचा चित्रवृत्तान्त, झालंच तर सॉस बिघडला की जग बुडतं अशा स्वयंपाक्याची गंमत. लुदोचं पुस्तक उजवीकडच्या फळीवर, 'खरी आयुष्यं' या पाटीखाली. त्याला ओदिलबाईंनी आपल्या हातची चिठ्ठी टोचली होती: 'रडाल. मी रडले.' ओदिलबाई चिठ्ठ्या उगाच टोचत नाहीत हे गावाला माहीत आहे. नोव्हेंबरात पुस्तक पुन्हा छापावं लागलं. रेडिओवरच्या बाईनं विचारलं, "बहिणीबद्दल तुमच्या मनात राग नाही?" आणि लुदो म्हणाला, "नाही, मुळीच नाही." तेही खोटं नव्हतं.

नोव्हेंबरच्या शेवटी ओदिलबाईंचा फोन आला.

"तेरा डिसेंबर, शनिवार, दोन ते सहा. सहीला यायचंस. नाही म्हणू नकोस, गावचा पोरगा आहेस."

"बघतो."

"बघतो काय बघतो? पोस्टर छापून झालंय." मग त्यांनी आवाज उतरवला. "एक सांगू? रागावू नको. नादेजची तीन घरं सुटली. तुला कळलंच असेल म्हणा."

"कसली घरं?"

"कामाची रे. लाँबोतांकडे सगळ्यात आधी. कोलेतनं संस्थेला कळवलं, माझ्या वडिलांसाठी दुसरी कोणी पाठवा. लाँबोत म्हातारा पण हल्ली भटकतो ना, परवा स्टेशनात सापडला. मग ते बघून आणखी दोघांनी. आता अर्धा दिवस बसून असते घरी. लोकांचं तरी काय चुकलं? तूच लिहून ठेवलंस."

"मी लिहिलेलं नाही," लुदो म्हणाला.

"म्हणजे?"

"काही नाही. येतो मी."

नादेजला त्यानं अकरा फोन केले. तिनं एकही उचलला नाही. प्रकाशकाला त्यानं पत्र लिहिलं, पुढच्या छपाईत एका चौकटीचा रंग बदलायचा आहे. कारण काय लिहावं कळेना, म्हणून पत्र तसंच पडून राहिलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं त्याचं झालं होतं. घंटा वाजली तरी दचके, गाडीत कोणी पिवळं दिसलं की डबा बदले. पण तोंड उघडायची वेळ आली की त्याच्या मनातला वकील उभा राहायचा. नाव कुठे घेतलंय मी? ती पुस्तकातली बहीण आहे. आणि तिनंच तर चार वर्षं चालवून घेतलं. हे शेवटचं वाक्य सगळ्यात नीच आहे, हे त्यालाही कळत होतं.

शनिवारी गारठा होता, बर्फ धड पडत नव्हतं आणि पाऊस धड थांबत नव्हता. तरी दुकानाबाहेरपर्यंत रांग. ओदिलबाईंनी नंबरांचे कागद वाटले होते. लुदोच्या टेबलावर शाईचं पेन, जलरंगांची छोटी डबी, मोहरीच्या रिकाम्या बरणीत पाणी आणि एका बशीत तांदळाच्या टार्टचा तुकडा. आमच्याकडे सही म्हणजे नुसतं नाव खरडून भागत नाही. आतल्या कोऱ्या पानावर चित्र काढून द्यावं लागतं, आणि ज्यानं रांग धरली त्यानं काय मागावं ते मागावं. कोणाला कबूतर, कोणाला मांजर, कोणाला मेलेली सासू.

लुदो मान खाली घालून काढत होता. कबूतरवाल्या पिएरार्डला कबूतर दिलं. पोस्टातल्या मुलीला फर्नांदचा हसरा चेहरा दिला. मग चाकाची पिशवी ओढत फिरणारा तो एक इसम आला. प्रत्येक सहीला असतो, कुठून येतो देव जाणे.

"नाव काय घालू?"

"नाव नको. नुसतं चित्र. मोठं."

"नाव नसलं की विकायला बरं पडतं, नाही?" मागून कोणी तरी टोमणा मारला. रांग हसली. तो इसम निर्विकार उभा राहिला, चित्र वाळेपर्यंत फुंकर मारली आणि दोन पावलं बाजूला सरकून पुस्तकांची फळी चाळायला लागला.

"नंबर तेवीस," ओदिलबाई म्हणाल्या, आणि त्यांनी लुदोकडे पाहिलं.

नादेज होती. करड्या रंगाचा, खांद्यांना ढगळ होणारा कोणाचा तरी कोट घातलेला. केस भिजलेले. पिवळा रेनकोट तिनं ऑक्टोबरापासून अंगाला लावला नव्हता, हे लुदोला ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण तिला त्या कोटात बघून ते न सांगता कळलं.

"रांगेत कशाला उभी राहिलीस?" तो पुटपुटला. "घरी आलो असतो मी."

"घरी यायला तुला तीन महिने होते. इथं तुला बसावंच लागतं. म्हणून नंबर घेतला." तिनं पुस्तक समोर ठेवलं. "नाव घाल, कोलेत लाँबोत."

"तिचं पुस्तक आहे?"

"तिचंच. मला वाचायला दिलं. पानाला खूणही घालून दिली, म्हणाली, एवढंच बघ आणि मला सांग, ही तूच ना?"

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? म्हटलं, ज्यानं काढलंय त्यालाच विचारून येते." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीवालीशी बोलावा तसा. "रांगेतला माणूस मागेल ते काढून द्यायचं ना? मग मला तो हात काढून दे. त्या दिवशी जो होता तो."

मागची चोवीस नंबरवाली बाई पुढे वाकली. लुदोनं पुस्तक उघडलं. खूण म्हणून औषधाच्या पाकिटाचा तुकडा घातला होता. पान एकाहत्तर. छापील पिवळा रंग फार छान उतरला होता, योलेनचं काम म्हणजे काय विचारता.

 त्याला वाटलं, कोऱ्या पानावर आईचं एखादं गोड चित्र काढावं, खाली लिहावं 'माझ्या ताईला', आणि ती समजून घेईल. नेहमी घेते. आपल्या मनात अजूनही हेच येतंय म्हटल्यावर त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्यानं डबीतला निळा ओला केला. जलरंग चकचकीत छपाईवर बसेना. त्यानं पेनमधली शाई त्यात मिसळली, दोनदा, तीनदा फिरवली. पिवळी बाही हिरवट झाली, मग काळपट, मग एकदाची गडद निळी. मनगटाशी त्यानं बटण काढलं.

मग तो उठून उभा राहिला. खुर्ची मागे पडली.

"दार मी उघडं ठेवलं होतं," तो म्हणाला. "नादेज त्या दिवशी कामावर होती. मी फोनवर बोलायला पुलावर गेलो, किल्ली घेतली नाही. पुस्तकात मी तिची बाही दाखवली. मुद्दाम. मला विचारलं होतं रंग कोणता, आणि मी पिवळा सांगितलं."

 बाहेरच्यांना ऐकू गेलं नव्हतं, त्यांना आतल्यांनी सांगितलं. लुदोला वाटलं, आता कोणी तरी थुंकेल, कोणी पुस्तक टेबलावर आपटून पैसे परत मागेल. तो वाट बघत उभा राहिला. खरं तर त्याला ते हवंच होतं.

तर काय व्हावं? पहिली टाळी त्या चाकाच्या पिशवीवाल्यानं वाजवली. मग पोस्टातल्या मुलीनं. मग सगळ्यांनी. ओदिलबाईंच्या डोळ्यांना धार लागली, त्या म्हणाल्या, "केवढं धैर्य लागतं रे याला." पिएरार्डनं खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "माणूस आहे, चुकतो. पण कबूल करणारे किती असतात?" आणि तो पिशवीवाला आपलं पुस्तक पुन्हा पुढे सरकवून म्हणाला, "माझ्याही प्रतीत करून द्या ना, ते निळं. तारीख टाका खाली." त्याबरोबर मागून चार हात पुढे आले. आम्हालाही. आम्हालाही निळं.

लुदोला हलकं वाटत होतं. चार वर्षांत वाटलं नव्हतं इतकं. त्यानं हसून नादेजकडे पाहिलं.

ती त्याच्याकडेच बघत होती.

"बरं वाटलं?" तिनं विचारलं.

"हो," तो म्हणाला. खोटं कशाला बोला.

"वाटतंय तेवढं वाटून घे. पण तुला बरं वाटावं म्हणून मी दीड तास भिजले नाही." तिनं पुस्तक उघडंच उचललं, रंग ओला होता. "आता याचंही पुस्तक काढ. हे दुकान, ही माणसं, टाळ्या. चांगलं होईल. मी कुठे उभी होते तेवढं मात्र नीट दाखव."

लुदोनं हसू आवरलं. कारण टाळ्या वाजत असताना त्याच्या डोळ्यांसमोर ते पान आलंच होतं. वरून बघितलेली रांग, छत्र्या, मधोमध तो उभा, पडलेली खुर्ची. एक मोठी चौकट, पूर्ण पानाची. तिनं सांगायच्या आधीच. करून सवरून नामानिराळा राहणारे पुष्कळ असतात, पण हा गडी करून सवरून वर त्याचं चित्रही काढायला बसला होता.

"मी काय करू, सांग," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"सोमवारी चार वाजता कोलेतकडे जा. हे पुस्तक मी आजच देऊन येते. तू तोंडानं सांग. पेन घेऊन जाऊ नको. मी कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर थांबेन." मग ती ओदिलबाईंकडे वळून म्हणाली, "पुढचा नंबर घ्या ना, लोक भिजतायत," आणि उघडं पुस्तक कोटाखाली धरून निघून गेली.

सोमवारी लुदो चारला पाच मिनिटं असताना लाँबोतांच्या दारात उभा होता. कोलेत लाँबोत पन्नाशीची, नगरपालिकेत कामाला, नीटनेटकी बाई. दार उघडताच म्हणाली, "या या. ऐकलं आम्ही. अख्खं गाव तेच बोलतंय." आत म्हातारा लाँबोत खिडकीशी बसून रिकाम्या रस्त्याकडे लक्ष ठेवून होता, आणि टेबलावर ते पुस्तक. ओल्या रंगानं समोरचं पानही निळं करून टाकलं होतं.

"मी तुम्हाला समक्ष सांगायला आलो," लुदो म्हणाला. "दार मी ठेवलं होतं उघडं. नादेजचा त्यात काही संबंध नाही. इतकी जबाबदार बाई तुम्हाला शोधून सापडायची नाही. तिचं काम माझ्यामुळे गेलं. ते तिला परत द्या, एवढंच म्हणायचंय."

कोलेतनं कॉफी ओतली. त्याच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली. मग ती समोर बसली.

"तुमच्यावर माझा राग नाही," ती म्हणाली. "तुम्ही भेकड आहात, पण तुम्हाला मी थोडीच माझे वडील सांभाळायला ठेवणार आहे? मी दोन दिवस नादेजचाच विचार करतेय. पोलीस आले होते ना तेव्हा?"

"आले होते."

"त्यांना तिनं काय सांगितलं?"

"दार राहून गेलं, म्हणाली."

"कोणाकडून, हे तिला माहीत होतं."

"हो."

"आणि चार वर्षं गप्प बसली. तुमच्यासाठी." कोलेतनं खिडकीकडे पाहिलं. म्हातारा काचेवर बोटानं काही तरी लिहीत होता. "मोठं मन आहे तिचं, मी मानते. पण मोसिय वोतले, उद्या माझे वडील पडले, तिच्या हातून म्हणा, कोणा दुसरीच्या हातून म्हणा, आणि मी तिला विचारलं, नादेज, काय झालं? तर ती मला खरं सांगेल का? की 'पडले' एवढंच म्हणेल? आधी मला वाटायचं ती विसरभोळी आहे. विसरभोळीला चिठ्ठ्या लिहून देता येतात. आता मला कळलं, ती आपल्या माणसासाठी गप्प बसू शकते. त्यावर मी काय करू?"

लुदोनं कप खाली ठेवला.  ती बाई दुष्ट नव्हती. दुष्ट असती तर भांडला असता.

"संस्थेनं पाठवलेली नवी मुलगी चांगली आहे," कोलेत उठत म्हणाली. "आणि नादेजला माझा निरोप सांगा, मला वाईट वाटतं. खरंच वाटतं."

बसथांब्यावर नादेज बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर. त्याला येताना बघून ती उभी राहिली आणि तिनं केस सारखे केले.  तिला वाटत होतं, काम झालं.

"काय म्हणाली?"

विचार करते म्हणाली, असं सांगता आलं असतं. तीन शब्द. दोन दिवस तरी तिला झोप लागली असती. ते तीन शब्द त्याच्या जिभेच्या टोकाशी आले आणि त्यानं ते गिळले. मग त्यानं कोलेत काय काय म्हणाली ते सगळं सांगितलं. काही गाळलं नाही, काही मऊ केलं नाही.

 नादेज हळूच बाकावर बसली.

"असंच म्हणाली? गप्प बसू शकते, असं?"

"हो."

"बरोबर आहे तिचं," नादेज म्हणाली. "मी तिच्या जागी असते तर मीही नसती ठेवली."

"तू माझ्यासाठी केलंस ते."

"तुझ्यासाठीच केलं. आईला नदीतून काढली त्या रात्री तू जेवला नाहीस, बोलला नाहीस, नुसता काठाकडे बघत बसलास. मला वाटलं, आता हाही जातो. म्हणून म्हटलं, राहू दे, दार राहून गेलं." ती रडत होती, पण आवाज तसाच साधा होता. "लोक काय म्हणायचे माझ्याबद्दल, माहितीय? नादेज सांगेल ते खरं. म्हाताऱ्यांच्या घरात किल्ली कोणाच्या हाती देतात? त्याच माणसाच्या. माझ्याकडे तेवढंच होतं, लुदो. शिक्षण नाही, काही नाही, तेवढंच. ते मी तुला देऊन टाकलं, आणि तू ते पिवळ्या रंगात घालवलंस."

तो तिच्याशेजारी बसायला वाकला. तिनं पिशवी उचलून मधे ठेवली.

बस आली. ती चढली, चालकाला नमस्कार केला आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली. लुदोला चढायचं धाडस झालं नाही. दार बंद झालं, बस पुलाकडे वळली, आणि तो तिथंच उभा राहून पुढच्या बसची वेळ वाचत राहिला.